मार्चमधले दर्यावर्दी

बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि मी जेवणाच्या टेबलावर मिशिगन सरोवराचा कागदी नकाशा पसरून बसलो होतो. शिकागोत मार्चमधली दुपार अशीच काढावी लागते. बायकोने विचारलं, "टेबल कधी मोकळं होणार?" मी म्हटलं, "मे उजाडला की."

तिघा मित्रांत घेतलेली आमची शिडाची होडी सध्या यार्डात लोखंडी टेकूंवर उभी आहे, पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये नखशिखांत गुंडाळलेली. एप्रिल लागला की बुधवारी आणि शनिवारी सकाळी शहरातले पूल एकामागून एक उचलतात आणि डोलकाठ्या मिरवत होड्या नदीतून सरोवराकडे निघतात. बुधवारी पुलावर अडकलेली माणसं घड्याळाकडे बघत असतात. आम्ही खालून हात हलवतो.

बेत साधाच आहे. पहाटे निघायचं, सरोवराचं दक्षिण टोक तिरकं कापत इंडियानातल्या मिशिगन सिटीला पोचायचं, रात्री होडीतच मुक्काम. वारा बरा असला तर सात-आठ तास. पण हा बेत जानेवारीपासून शिजतोय. थालीपीठं न्यावीत की दशम्या, यावर आमची जितकी चर्चा झाली तितकी वाऱ्यावर झालेली नाही. (दशम्याच. वाद नको.)

फोनवर सगळं असतं, हे मलाही कळतं. अमेरिकन सरकारने तर जानेवारी 2025 पर्यंत पारंपरिक कागदी सागरी नकाशे बंदच करून टाकले. म्हणूनच माझा जुना नकाशा मी कोणाला हात लावू देत नाही. गॅरीच्या किनाऱ्यालगत त्यावर हळदीचा डाग आहे. एका नवख्या मित्राला तो उथळ पाण्याची खूण वाटला होता.

हा रोग आजोबांकडून आला असावा. हर्णैला श्रावणात होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या असत. आजोबा शाळामास्तर, जन्मात कधी होडीत बसले नाहीत. पण नारळी पौर्णिमा जवळ आली की छत्री घेऊन रोज किनाऱ्यावर हजर. कोणी फळ्यांच्या फटींत कापूस ठोकतोय, कोणी उकिडवं बसून जाळं सांधतोय, पलीकडे सुवर्णदुर्गाच्या तटावर लाटा फुटतायत. आजोबा विचारायचे, "काय तांडेल, यंदा कधी?" तांडेल मान वर न करता म्हणायचे, "नारळ पडू दे की, मास्तर." दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

मेरीलँडमधल्या अॅनापोलिसला वसंत लागला की होडीवाले जमून चक्क मोजे जाळतात. इथे तसं केलं तर दुसऱ्याच दिवशी नवे विकत आणावे लागतील.

कारण आमचं ऊन फसवं. मेच्या सुरुवातीला एखाद्या दुपारी हवा 20 अंशांवर जाते, पाणी मात्र 6-7 अंशांवरच असतं. त्यात पडलेल्या माणसाला नुसता श्वास ताब्यात आणायलाच मिनिटभर लागतं, आणि हातपाय कामाचे राहतात ते जेमतेम दहा मिनिटं. पट्टीचा पोहणाराही तिथे फारसं काही करू शकत नाही. म्हणून यादीत दशम्यांच्याही वर लाइफ जॅकेट लिहिलंय. केबिनमध्ये टांगलेलं नाही, अंगावर, बकल लावलेलं. आमच्यातल्या एकाला ते गबाळं दिसतं. त्याला धक्क्यावरच ठेवून जायचं, एवढं मात्र नक्की ठरलंय.