२७२चा कॅम घेऊन हिंजवडीला

माझी मारुती एस्टीम २००५ची. जी१३बीबी इंजिन, १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्ह, पण ते उघडणारा कॅमशाफ्ट (कॅम) वर एकच. चेन्नईच्या ट्रॅकवर तीच गाडी न्यायची आणि एरवी तिनेच कोथरूडहून हिंजवडीला ऑफिस गाठायचं, असं मनात होतं. म्हणून २७२ अंशांचा कॅम, म्हणजे क्रँक तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा, बसवून घेतला. हेडचं फेसिंग (तळ घासून सपाट करणं) झालं, टॅपेट सेटिंग झालं, गाडी हातात आली.

साडेचार हजार आरपीएमनंतर ही गाडी काय पळायची! मुंबईच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजारांपर्यंत सुई अशी चढायची की इंजिन दुसरंच वाटायचं. पण खाली, दोन हजारांच्या आसपास, पिकअप साफ मेलेला. सिग्नलला उभं राहिलं की आरसा थरथरायचा आणि कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. तेवढं मी चालवून घेतलं असतं. वाकडच्या पुलाखालच्या गर्दीत एकदा पाचसहा वेळा लागोपाठ ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखं कडक झालं. पुढच्या रिक्षापासून वीतभर अंतरावर थांबलो. त्या दिवशी ठरवलं, हे मुळापासून समजून घ्यायचं.

सगळं कॅमच्या कार्डावरच लिहिलेलं होतं, मी नीट वाचलं नव्हतं. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचण्याआधी २८ अंश उघडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचून गेल्यावर २८ अंशांनी बंद होतो. म्हणजे ५६ अंश दोन्ही दारं एकदम उघडी. हाच ओव्हरलॅप. सहा हजारांवर बाहेर धावणारा धूर आपल्यामागे ताजी हवा ओढून घेतो, तेव्हा ही उघडी दारं फायद्याची. गाडी उभी असताना, म्हणजे आयडलला, नऊशेवर मात्र हवेला तो वेगच नसतो. जळका धूर उलटा इनटेकमध्ये शिरतो आणि मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम पडतो. माझ्या गेजवर तो पूर्वी पाऱ्याचे १७ इंच दिसायचा, आता जेमतेम १०. पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून पेडल कडक झालं. शिवाय या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतो. व्हॅक्यूम कमी दिसला की त्याला वाटतं गाडीवर लोड आलाय, आणि तो पेट्रोल वाढवतो. वासाचं कारण हेच. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) २.१ टक्के आला, मर्यादा ०.५.

मग भोसरीतल्या एका जुन्या मशीनिस्टकाकांकडे गेलो. त्यांनी क्रँकपुलीला अंशांची चकती लावली, प्लगच्या भोकातून स्टॉपर घालून पिस्टनचं खरं टोक शोधलं आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर डायल गेज टेकवलं. क्रँक हाताने, अगदी सावकाश फिरवायचा. सुई वर चढून परत उतरायला लागली की दोन्ही बाजूंचे आकडे घ्यायचे आणि मधोमध काढायचा. असं तीन वेळा. हे सेंटर, म्हणजे पिस्टन वर पोचून गेल्यावर किती अंशांनी इनटेक व्हॉल्व्ह सर्वात जास्त उघडतो ते. कार्डावर १०८ अंश, आमच्याकडे ११३. कॅम पाच अंश मागे बसला होता. फेसिंगमुळे हेड थोडं खाली येतं, बेल्टच्या हिशोबात कॅम मागे पडतो. त्या पाच अंशांतला काही भाग त्याचा.

मी लगेच म्हटलं, "काका, ॲडजस्टेबल पुली लावू. पाच अंश पुढे घेऊ आणि ओव्हरलॅपही थोडा कमी करू."

"अहो, शाफ्ट एकच आहे," काका म्हणाले. "इनटेक फिरवला की एक्झॉस्टपण फिरणार. ओव्हरलॅप कॅम घासतानाच ठरला, तो पुलीने कसा जाईल?"

इतके महिने वाचूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाच अंश पुढे घेतल्यावर तीन हजारांच्या पुढचा पिकअप सुधारला. आयडलवरची थरथर होती तशीच.

खरा उलगडा झाला तो बहिणीच्या स्विफ्टमुळे. २०११मध्ये आलेल्या स्विफ्टच्या के१२एम इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टला वेगवेगळे कॅम आहेत, आणि इनटेकच्या चेन-स्प्रॉकेटमध्ये ऑइलच्या दाबाने कॅम पुढेमागे फिरवणारा व्हीव्हीटी (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग). आयडलला तो इनटेक मागे ठेवतो, म्हणून ओव्हरलॅप नावापुरता. गाडी चढाला लागली की पुढे घेतो. कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवर ती गाडी कुरकुर न करता चढली. आम्ही भोसरीत अख्खी दुपार घालवून जो एक आकडा पक्का केला, तो ही गाडी दर क्षणी बदलत होती.

पण व्हीव्हीटी म्हणजे रेसिंग कॅमला पर्याय, असं जे म्हणतात ते मला पटत नाही. साधा व्हीव्हीटी फक्त वेळ पुढेमागे करतो; व्हॉल्व्ह किती उघडतो आणि किती काळ उघडा राहतो, ते लोब, म्हणजे कॅमवरचा उंचवटाच ठरवतो. ते बदलायचं तर लोबच दुसरा हवा. होंडाने १९८९मध्ये इंटेग्रात व्हीटेक आणलं ते याचसाठी: कमी आरपीएमला एक लोब, जास्तला दुसरा, आणि १.६ लिटरमधून १६० पीएस. ट्रॅकवर जी गाडी साडेचार हजारांखाली येतच नाही, तिला उग्र कॅमच योग्य. तिचं आयडल कोण बघतो?

माझी गाडी मात्र दिवसातला दीड तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढते. काकांच्या सांगण्यावरून २५६ अंशांचा कॅम घेतला, सेंटर ११२, ओव्हरलॅप ३२. बसवतानाच चकती लावून मोजला. व्हॅक्यूम १५ आला, सीओ ०.४, आणि ब्रेकचं पेडल पुन्हा मऊ झालं.

सहा हजारांवरचा तो जोर गेला, त्याची आठवण येते. २७२चा कॅम ग्रीस लावून, सुती कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. कधी फक्त ट्रॅकसाठी गाडी घेतली, तर तिच्यात बसवीन.