370 किलोमीटर जास्त, अर्धा तास कमी

मी फ्लाइट डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवर बसून विमानाचा मार्ग आणि इंधन ठरवणारा माणूस, आहे म्हटलं की लोक हमखास विचारतात, अमक्या विमानतळाहून तमक्या विमानतळाला किती तास लागतात? मी आधी विचारतो, कोणत्या दिवशी आणि कुठल्या दिशेने?

लंडनच्या हीथ्रोहून न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ पृथ्वीच्या गोलाईवरून, सर्वांत जवळच्या रेषेने साधारण 5,550 किलोमीटर. विमानाच्या ताशी 890 किलोमीटर वेगाने भागलं की सव्वासहा तास. हिवाळ्यातल्या त्या दिवशी या हिशोबाचा पार बोजवारा उडाला होता. जेट स्ट्रीम, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा झोत, नेमका त्याच रेषेवर बसला होता. समोरून सरासरी ताशी 185 किलोमीटरचा वारा. विमानाचा हवेतला वेग तोच राहतो, पण जमिनीच्या हिशोबात तो 705 वर येतो. पावणेआठ तासांच्याही वर काम गेलं.

मग मी मार्ग वर, उत्तरेकडे ढकलला. आइसलंडच्या दक्षिणेकडून, ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून आणि कॅनडातल्या लॅब्राडॉरमार्गे खाली. अंतर 5,920 किलोमीटर, पण वारा जेमतेम 80. वेळ सात तास अठरा मिनिटं. म्हणजे अर्धा तास वाचला आणि त्या विमानाचं अडीच टनांच्या आसपास इंधनही.

कॅप्टनचा फोन आलाच. "एवढं वर कशाला नेलंय?"

वाऱ्याचे आकडे त्यांनी लगेच मान्य केले. खरी शंका थंडीची होती. "वर उणे 68 दाखवतंय. इंधनाचं काय?"

प्रश्न रास्त होता. जेट ए-1 इंधनाचा गोठणबिंदू उणे 47 अंश, आणि पंखांतल्या टाक्या तासन्‌तास त्या थंडीत राहणार. पण एवढ्या वेगात विमानासमोरची हवा दाबली जाऊन तापते. पंखाला जाणवणारं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा पंचवीस-तीस अंशांनी जास्त असतं. "साहेब, टाकी उणे 40 च्या खाली जाईल असं वाटत नाही. गेलीच तर थोडं कमी उंचीवर या किंवा वेग थोडा वाढवा. त्याचं इंधन धरलंय." पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "आइसलंडच्या केफ्लाविक विमानतळाचं हवामान बघितलंय ना?" बघितलं होतं. एक इंजिन बंद पडलं तर वाटेत उतरायला विमानतळ लागतो, आणि त्या टापूत असे मोजकेच. "ठीक आहे, पाठवा सही करून."

विमान अंदाजाच्या चार मिनिटं आधी उतरलं.

परतीचा आराखडा रात्रपाळीच्या सहकाऱ्याने केला. जाताना आडव्या आलेल्या जेट स्ट्रीमने आता पाठीवर हात ठेवला होता, म्हणून त्याने विमान थेट त्यातच घातलं. वेळापत्रकातल्या वेळेपेक्षा कितीतरी आधी ते हीथ्रोवर टेकलं, आणि गेट रिकामं नाही म्हणून वीस-पंचवीस मिनिटं टॅक्सीवेवर उभं राहिलं.