पिवळी चिठ्ठी

चिठ्ठी जशीच्या तशी होती. तीन घड्या घालून मी वर एक स्टिकर लावलं होतं, तेही निघालेलं नव्हतं. सब फोल्डरमध्ये, म्हणजे शिक्षिका रजेवर असली की तिच्या बदली येणाऱ्या माझ्यासारख्या 'सब'साठी वर्गात ठेवतात त्या फाईलमध्ये, आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं त्या नकाशाच्या मागे. म्हणजे मी गेल्यापासून कुणी हातच लावला नाही तिला.

श्री म्हणाला, अगं, त्या वर्गाच्या शिक्षिकेला दिसलीच नसेल. नसेलही. पण झोप येत नाहीये, म्हणून लिहिते.

सकाळी साडेपाचला फोन वाजला. सबची कामं येतात त्या ॲपवर तोच चौथीचा वर्ग दिसला आणि दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत मी घेऊन टाकला. हल्ली जागा डोळ्यांदेखत जातात. मला त्या वर्गात जायचंच होतं, त्या मुलाचं काय झालं ते बघायचं होतं.

मागच्या वेळी गणिताच्या तासाला तो खिडकीजवळच्या टेबलाशी एकटाच बसला होता. बाकीची मुलं अपूर्णांकांची तुलना करत होती आणि याच्यापुढे चित्रं रंगवायचं पॅकेट. पिझ्झाचे तुकडे. शिक्षिकेने सबसाठी ठेवलेल्या दिवसाच्या प्लॅनमध्येच लिहिलेलं होतं की गणितात मागे आहे, हे द्यावं. होंडुरासहून येऊन त्याला वर्षही झालेलं नाही, इंग्रजी जेमतेम. मी बाकीच्यांचं पान त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, १/४ मोठा की १/८? त्याने १/८ वर बोट ठेवलं. बरीच मुलं ठेवतात, सांगलीची काय नि इथली न्यू जर्सीची काय. आठ चारापेक्षा मोठे, मग झालं!

मी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. एक माझी, एक त्याची. माझी दोनदा दुमडली, त्याला तीनदा दुमडायला सांगितली. त्याने ती उलगडली, नखाने एकेक घडी दाबत भाग मोजले, माझा एक भाग आणि त्याचा एक भाग शेजारी शेजारी धरला. बराच वेळ गप्प. मग थोडं इंग्रजी, थोडं स्पॅनिश आणि उरलेलं हातांनी, असं करत म्हणाला, खालचा आकडा म्हणजे जेवायला किती जण बसलेत तो.

जेवायला किती जण बसलेत! छेद म्हणजे काय हे इतकं नेमकं मला आजवर एकाही मुलाने सांगितलं नव्हतं. मग मी ३/५ आणि ३/७ दिले. पट्टीला हात न लावता त्याने ३/५ ला गोल केला आणि माझ्याकडे बघितलं.

हे सगळं चिठ्ठीत होतं. पानभर. याला गणित येतं, अडतंय ते इंग्रजी. पॅकेट नको, पट्ट्या द्या, बाकीच्यांचंच पान द्या.

आज त्याच्यापुढे पुन्हा रंगवायचं पॅकेट होतं.

माझी चिठ्ठी वाचली नाही याचं वाईट वाटलं, ते वाटणारच. पण तेवढंच असतं तर भाजी फोडणीला टाकेपर्यंत विसरले असते. जे मी बघितलं ते बघायला त्या खोलीत दुसरं मोठं माणूस कुणी नव्हतं. आणि ते तिथेच राहिलं, घडी घातलेलं. त्याने मधल्या काळात किती पिझ्झे रंगवले असतील?

दुपारी डब्याच्या वेळेला मनात नको नको ते येत होतं. शिवाजी विद्यापीठाचं बी.एड., इतक्या वर्षांची नोकरी, आणि इथे सबला लागतात कॉलेजचे काही क्रेडिट आणि बोटांचे ठसे. पदवीची तपासणी करून घेतली तेव्हा बी.एड.कडे कुणी बघितलंही नाही. बर्फाने शाळा बंद तर त्या दिवसाचा पैसा नाही. एकाच वर्गावर २० दिवसांच्या वर राहायचं तर वरून मंजुरी काढावी लागते. तो नियम मला पटतो. पोरांना कायमचा, पूर्ण शिकलेला शिक्षक मिळायलाच हवा, रोज नवा चेहरा नको. पण मग मी कोण, हे स्वतःला विचारलं की घशाशी येतं. दर महिन्याला सुरक्षेची कवायत असते, शाळेत कुणी हल्लेखोर शिरला तर म्हणून, दिवे घालवून मुलांना घेऊन कोपऱ्यात बसायचं, आणि त्यातल्या निम्म्यांची नावं मला ठाऊक नसतात... ते आज नको.

सांगलीला ऑफ तास असायचा. बाई रजेवर असल्या की बदलीच्या वहीत आपलं नाव यायचं, कपाळाला आठ्या घालून जायचं. पण तास संपला की स्टाफरूममध्ये चहाला तीच माणसं. "अहो जोशीबाई, तुमच्या सातवी ब मधला तो शेवटच्या बाकावरचा, त्याला घन-ऋण चांगलं कळतं हो," एवढं एक वाक्य पुरायचं. कुणी लिहून ठेवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बाई त्याला फळ्यापाशी बोलवायची. इथे ती शिक्षिका ज्या दिवशी असते त्या दिवशी मी नसते. आम्ही एकमेकींना बघितलेलंच नाही. दोघींमध्ये फक्त ते फोल्डर.

तिच्या टेबलावरचा ढीग आज नीट पाहिला. तपासायच्या वह्या, पालकांची पत्रं, चाचणीचे पेपर, वर कुणीतरी आणून ठेवलेलं वाळलेलं मफिन. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की तिचे वडील हॉस्पिटलमध्ये आहेत, ती गाडी चालवत जाते नि येते, म्हणून सारख्या रजा. २६ मुलं आहेत वर्गात. अशी रात्री उशिरा घरी पोचलेली बाई सकाळी सबचं फोल्डर उघडून बसेल? ती तर फक्त बघत असेल की वर्ग शाबूत आहे ना. तिचा प्लॅन मात्र दर वेळी तयार असतो, मिनिटामिनिटाचा. बापाच्या उशाशी बसून टाईप केला असेल. हे लक्षात आल्यावर माझा राग जरा खाली बसला. वाईट वाटणं बसलं नाही.

त्याला मी आजही बाकीच्यांचंच पान दिलं. पट्ट्या त्याने स्वतः मागितल्या, दोन बोटांनी कात्री करून. आठपैकी सहा बरोबर आली. चुकलेली दोन्ही शब्दांत घातलेली उदाहरणं होती. वाचताच आली नाहीत त्याला.

शाळा सुटायच्या आधी ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी नवी असलेल्या मुलांना ती शिकवणाऱ्या बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या, हातात पुस्तकांची चळत. तो रोज एक तास त्यांच्याकडे असतो. मी त्यांना अडवलंच. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, जेवायला बसलेल्या माणसांचंसुद्धा. त्यांनी पुस्तकं रेडिएटरवर ठेवली आणि म्हणाल्या, तो पेपर मला द्या. त्याच्या अक्षरातलं ते पान मी त्यांना दिलं. त्यांनी चुकलेली दोन उदाहरणं वाचली, तिथल्या तिथे पेन्सिलीने शब्दांवर खुणा केल्या. पॅकेटबद्दल मी बोलते तिच्याशी, म्हणाल्या. आम्ही रोज फोनवर असतो.

रोज फोनवर असतात त्या! आणि मी नकाशाच्या मागे चिठ्ठ्या ठेवत होते.

ठीक आहे. असंच असणार इथे, माझ्याने काही बदलायचं नाही. उद्या मिडल स्कूलला जिमचा दिवस घेतलाय, बूट काढून ठेवायला हवेत. चिठ्ठी लिहीनच, सवय आहे ती, पण चार ओळींची. आणि तिच्यात ज्या मुलाचं नाव येईल त्याला रोज भेटणारं दुसरं कोण आहे, ते ऑफिसात विचारल्याशिवाय किल्ली परत करायची नाही.