परवाना विकत घेतलेला माणूस

सुनावणीत बोलायला मला सात मिनिटं दिली होती, मी सहाच वापरली. एका शहरातल्या टॅक्सी परवान्यांवरची संख्येची मर्यादा उठवावी, असा आमच्या संस्थेचा अहवाल होता आणि तो मीच लिहिला होता. युक्तिवाद सरळ होता. परवाने मोजके ठेवले की त्यांना भाव येतो, आणि तो भाव शेवटी रात्री अकरा वाजता टॅक्सीची वाट बघणारा माणूस भरतो. वाहनाची तपासणी, चालकाची चौकशी, विमा हे सगळं खुशाल ठेवा. गाड्या किती असाव्यात, एवढंच सरकारने ठरवू नये.

दाखला न्यूयॉर्कचा दिला. तिथे १९३७ च्या हास कायद्याने परवान्यांची संख्या बांधून टाकली आणि २०१४ च्या सुमारास एकेका परवान्याचा भाव दहा लाख डॉलरच्या वर गेला. पत्र्याच्या बिल्ल्याला एवढे पैसे पडतात, ही प्रवाशांकडून वसूल केलेली खंडणी आहे, असं मी म्हणाले. शब्द जरा चढाच होता, पण समितीतल्या दोघांनी मान डोलावली आणि मी खूश होऊन खाली बसले.

माझ्यानंतर साठीचे एक परवानाधारक उठले. आता आरडाओरडा होणार, असं मी धरून चालले होते. ते मात्र कर्जाच्या हप्त्यांचा कागद उलगडून शांतपणे बोलले.

"बाईंचं म्हणणं मला पटलं. परवान्यापायी कुणाचं तरी भलं झालं, हे खरं आहे. पण ते माझं नाही झालं. ज्याने मला परवाना विकला, त्याचं झालं. तो पैसे घेऊन गेला. मी अकरा वर्षं हप्ते फेडतोय, अजून चार राहिलीत. हप्ता गेला की माझ्याकडे पगारी ड्रायव्हरइतकंच उरतं. उद्या परवाना फुकट मिळायला लागला, तर खंडणी खाल्ली कुणी आणि दंड भरायचा कुणी, तेवढं सांगा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी प्रश्न मला चांगलाच पाठ होता. गॉर्डन टलक या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये नेमका हाच सापळा मांडला होता. सरकारी संरक्षणाचा मलिदा पहिल्या फळीला मिळतो. नंतरचे लोक त्याची पुरेपूर किंमत मोजूनच आत येतात, म्हणून त्यांच्या हाती जादा काही लागत नाही. पण संरक्षण काढलं की बुडतात ते हेच. मग व्यवस्थेचा फायदा कुणालाच होत नसतो आणि तरी ती मोडायला कुणी तयार नसतं. संस्थेत नव्याने येणाऱ्यांना मी हे दरवर्षी शिकवते. माझ्या चाळीस पानी अहवालात त्यावर एक तळटीपसुद्धा नव्हती.

"उत्तर लेखी देते," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी कार्यालयात चांगलीच जुंपली. माझ्या सहकाऱ्याचं मत पक्कं होतं: परवाना ही गुंतवणूक होती, नियम बदलू शकतात ही जोखीम भावात धरलेलीच होती, आणि आज भरपाई दिली तर उद्या प्रत्येक मक्तेदारी स्वतःला मोडण्याची किंमत मागेल. हे खोडायला सोपं नाही. डब्लिनमध्ये २००० साली न्यायालयाच्या निकालानंतर परवाने एकदम खुले झाले. टॅक्सी भराभर वाढल्या, प्रवाशांचे हाल कमी झाले, आणि पुढे मदत मिळाली ती फक्त हलाखीत सापडलेल्यांना. सुधारणा मात्र टिकली.

पण न्यूयॉर्कमध्ये परवान्यांचा लिलाव खुद्द शहर सरकारने केला होता. आमच्या प्रकरणातल्या शहरानेही तेच केलं होतं. टंचाई तयार करायची, ती चढ्या बोलीने विकून तिजोरी भरायची, आणि नंतर 'जोखीम तुमची' म्हणायचं? खाजगी विक्रेत्याने हे केलं असतं, तर आम्हीच त्याला फसवणूक म्हटलं असतं. (न्यूयॉर्कला शेवटी २०२१ मध्ये चालकांच्या उपोषणानंतर कर्जं कमी करून द्यावी लागली. बाजार खुला करण्याची फळं वेगळी आणि हा निस्तरण्याचा खर्च वेगळा.)

म्हणजे सरकारी खर्च कापा, असं एरवी सांगणाऱ्या मी आता खर्चाची शिफारस लिहायला बसले होते. सामान्य करदात्यावर बोजा नको होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात २०१८ पासून प्रत्येक फेरीवर एक डॉलर आकार घेऊन परवानाधारकांना भरपाई दिली गेली. ज्याला स्वस्त आणि मुबलक टॅक्सी मिळते, त्यानेच थोडं द्यायचं, हे मला रास्त वाटलं. पण पाच वर्षांसाठी म्हणून आलेला तो आकार पुढे लांबला, वर १.२० डॉलर झाला. तात्पुरत्या कराची आमच्या क्षेत्रातली ख्याती काही उगीच नाही.

रात्री मसुद्यात दोन परिच्छेद घातले. मर्यादा ताबडतोब उठवावी, ही पहिली शिफारस जशीच्या तशी ठेवली. भरपाई फक्त त्यांनाच, ज्यांनी परवाना विकत घेतला आणि ज्यांचं कर्ज अजून बाकी आहे. वारशाने मिळालेल्यांना नाही. आकाराची शेवटची तारीख कायद्यातच छापलेली असावी आणि ती वाढवायची तर नव्याने मतदान व्हावं. अहवालभर शोधून 'खंडणी' हा शब्द काढून टाकला.

सकाळी मसुदा परत आला. समासात सहकाऱ्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, "हा करच झाला की!"

मी खाली "हो" लिहिलं आणि मसुदा पुढे पाठवला.