वादळानंतर मालवणात बुडी: ठाण्याहून निघण्याआधी आणि पाण्यात उतरल्यावर

वादळ सरून ठाण्यात ऊन पडलं की डायव्हिंगवाल्यांचे फोन सुरू होतात, "शनिवारी मालवण?" ऊन बघून तिकीट काढू नये. वरचा समुद्र आधी शांत होतो, तळ बऱ्याच उशिरा.

निघण्याआधी आम्ही बघतो तो लाटेचा पिरियड, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. विंडी या हवामानाच्या ॲपवर किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राच्या अंदाजात तो लाटेच्या उंचीबरोबरच दिलेला असतो. सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणलं की खोल समुद्रातली तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. लाटेची हालचाल या तरंगलांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते. ५ सेकंदांची वाऱ्याची लाट साधारण २० मीटरवर संपते, १२ सेकंदांची शंभर मीटरच्याही खाली जाते. मालवणच्या बहुतेक डाइव्ह ६ ते १० मीटरच्या. म्हणजे मीटरभर उंचीची, पण लांबून आलेली लाट तळाला जास्त ढवळते. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ किनाऱ्याला न धडकता पश्चिमेला निघून गेलं, तरी देवबाग-तारकर्लीला पाणी आत शिरलं ते अशाच लाटांनी.

लाट बसली तरी गाळ बसायचा असतो. बारीक वाळू ८ मीटर खाली यायला वीसेक मिनिटं पुरतात. दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या, गाळाला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, तोही पाणी अगदी स्थिर असेल तर. त्याहून बारीक चिकणमाती आठवडेच्या आठवडे तरंगते. खाऱ्या पाण्यात तिचे गोळे होतात म्हणून थोडी लवकर बसते, इतकंच. त्यामुळे तारीख निवडताना पंचांगही लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला प्रवाह जोरात, बसलेला गाळ परत उठतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी, असते, तेव्हा जावं. आपल्याच ठाणे खाडीत डाइव्ह का होत नाही, याचं उत्तरही यातच आहे: ऐरोलीच्या पुलावरून भरती चढताना पाहा, पाणी नाही, चहाच वाहतोय.

ठाण्याहून कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून एसटी किंवा रिक्षाने मालवण, अंतर तीसेक किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा काहीही उचलायचं नाही, वादळाने तुटलेलं प्रवाळसुद्धा.

पहिले एक-दोन मीटर पाणी तपकिरी दिसलं म्हणून लगेच परत फिरू नका. पावसानंतर कर्ली नदीचं गोडं पाणी हलकं असल्याने वर पसरतं. दोन्ही पाणी मिसळतात त्या पट्ट्यात सगळं तेलकट, थरथरतं दिसतं आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ असू शकतं. मात्र तळाजवळ पसरलेला हात दिसेनासा झाला, तर डाइव्ह तिथेच संपवायची.

अशा पाण्यात नेहमीपेक्षा एक किलो वजन जास्त घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की दोनेक किलोने हलका होतो आणि वर येताना ५ मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्याला लाट वर उचलून नेते. हवेचा हिशोबही बदलतो. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने २२०० लिटर हवा. ५० बार राखून १६५० उरते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर ८ मीटरवर दाब १.८ पट म्हणून ३६, म्हणजे पाऊण तास. पाण्याशी झगडलात तर अर्ध्या तासातच काटा ५० वर. झगडायचं नाहीच: पाणी पुढे ढकलेल तेव्हा पाय मारायचे, मागे ओढेल तेव्हा थांबायचं, खडकापासून मीटरभर दूर. साळिंदरासारखे काटे असलेले सी-अर्चिन खडकाच्या खोबणीतच असतात. जोडीदार हाताच्या अंतरावर हवा. हरवला तर एक मिनिट शोधून दोघांनीही वर यायचं. वादळात फाटलेली जाळी खडकांना अडकलेली असतात, म्हणून ती कापायचा लाइन कटर पायाला नको, छातीवर.

दिसतं काय? फुलपाखरी मासे आणि सार्जंट मेजर नावाचे पट्टेरी मासे खडकाच्या आडोशाला दाटीने उभे असतात. एरवी पांगलेले हे मासे एकाच ठिकाणी बघायला मिळतात, म्हणून आम्हाला हे गढूळ दिवस आवडतात. वाळूत पाकट शोधायचं ते डोळ्यांवरून. अंगावर नवी वाळू चढल्याने बाकी काहीच दिसत नाही. टर्बिनेरिया या वाटीसारख्या प्रवाळाच्या खोलगटात गाळ साचलेला असतो. त्याच्याजवळ दोन मिनिटं तरंगत राहा: प्रवाळ चिकट स्राव सोडतं, त्यात माती गुंडाळली जाते आणि लाटेच्या झोक्यासरशी राखाडी दोरा सुटून जातो. हात पंख्यासारखा हलवून 'मदत' करू नका, उडालेली माती शेजारच्या प्रवाळावर बसते. सुटलेल्या सारगॅसम या समुद्री शेवाळाच्या तरंगत्या झुबक्यांत छोटे खेकडे आणि माशांची पिल्लं सापडतात. किनाऱ्यावर निळी बटणं आणि ब्लू बॉटल हे जेलीफिशसारखे जीव वाहून येतात. ब्लू बॉटल मेलेली दिसली तरी तिचा दोरा डंख मारतो.

बाहेर आल्यावर बीसीडीचं, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटचं, इन्फ्लेटर बटण गोड्या पाण्यात पुन्हापुन्हा दाबून धुवा. त्यात वाळू राहिली तर पुढच्या डाइव्हला ते अडकतं आणि जॅकेट आपोआप फुगत जातं. रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र, मात्र डस्ट कॅप लावूनच बुडवा, आणि सिलिंडरला जोडलेला नसेल तर त्याचं पर्ज बटण दाबू नका.

परतीला आंबोली किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर-पुणेमार्गे ठाणं गाठायचा बेत असेल, तर शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास जाऊ द्या. तीनशे मीटरच्या वरची चढाई विमानप्रवासासारखीच मोजतात. रेल्वेने ही अडचण येत नाही.