पांझराकाठची वायनरी : आमची वाटचाल

खान्देशात वायनरी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नाशिकला का नाही टाकली?" आमची जमीन इथे आहे, हे त्याचं साधं उत्तर. साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पट्ट्यात, पांझरेच्या खोऱ्यात. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, ताहराबादचा रस्ता धरला की मांगी-तुंगीचे सुळके, आणि त्यापुढे बागलाणचा द्राक्षपट्टा. धुळ्या-जळगावचं ऊन आम्हालाही चुकत नाही, पण हिवाळ्यात रात्री चांगल्या गार पडतात. वाइनच्या द्राक्षाला तो गारवा लागतो, त्याने मण्यातली आंबटाई टिकते.

सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून झाली. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. राज्य सरकारने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क ठरले आणि ठिकठिकाणचे शेतकरी करारावर वाइनची द्राक्षं लावू लागले. आबांनीही लाल वाइनची शिराझ आणि पांढऱ्या वाइनची शेनिन ब्लां या जाती लावल्या. मग 2008 ची मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वायनऱ्यांच्या टाक्या जुन्याच मालाने भरलेल्या, नवा माल घेणार कोण? आबांचा करार ज्या कंपनीशी होता, तिनेही माल उचलला नाही. ही द्राक्षं बाजारात नेऊनही उपयोग नसतो. मणी बारीक, साल जाड, आत बिया. टेबलावर कोण खाणार? त्या काळात राज्यात कितीतरी जणांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. आबांनी अर्धी बाग काढून कांदा लावला आणि अर्धी ठेवली. का ठेवली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आज आमची सगळ्यात चांगली शिराझ येते ती त्याच वेलींची.

माझे यजमान मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन शिकून आले, नाशिकच्या एका वायनरीत काही हंगाम राबले, मग आम्ही स्वतः वाइन करायचं ठरवलं. कर्ज, परवाना, उत्पादन शुल्क खात्याचे कागद यावर फार लिहीत नाही. वेळ लागला, झालं.

गावाबद्दल मात्र लिहायला हवं. आमच्या गावातल्या बायांनी मतदान घेऊन देशी दारूचं दुकान बंद केलं होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान जातं. त्या मतदानाच्या रांगेत मीही होते. त्याच गावात आता मी वायनरी काढणार, हे त्यांना पटेना, आणि त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. दारूने घरं बसलेली त्यांनी पाहिली आहेत. म्हणून वायनरी उभी राहिली तेव्हा पाहुणे म्हणून सगळ्यात आधी बचत गटाच्या बायांना बोलावलं. काढणी चालू होती. त्यांनी घड हातात घेतले, देठ वेगळे करणारं यंत्र पाहिलं, टाकीत उकळी फुटल्यासारखा फसफसणारा रस पाहिला. ताज्या रसाचा पेला सगळ्यांनी घेतला. वाइनचा थेंब फक्त एका मावशींनी जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "हाई ते आंबट शे वं माय! यामा साखर नई टाकी का?" साखर टाकत नाही, द्राक्षातली साखर यीस्ट खातं आणि तिचीच दारू होते, हे मी समजावलं. काही जणींचा विरोध त्यानंतरही राहिला, अजून आहे. पण गावात कोणालाही बाटली विकायची नाही हा शब्द मी त्या दिवशी दिला आणि तो आजवर मोडलेला नाही. आज त्यांच्यातल्या कितीतरी जणी आमच्याकडे छाटणीला आणि काढणीला येतात.

2022 च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि राज्यभर गदारोळ झाला. तेव्हा आम्हाला फोनवर फोन, आता तुमची चांदी म्हणून. मला तसं कधीच वाटलं नाही. आमची वाइन फळीवर दहा बाटल्यांत उभी राहण्यासाठी नाही. ती बाग पाहिल्यावर, कोणी केली ते कळल्यावर प्यायची आहे. म्हणून आमचा धंदा पहिल्यापासून इथे येणाऱ्या माणसांवर उभा आहे.

पाहुणा आला की आधी बागेत. तहान लागली असेल तर ताक मिळेल, वाइन नाही. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमधली काढणी, एवढं वर्षाचं गणित वेलीजवळ उभं राहून सांगते. शेजारचे खाण्याची द्राक्षं लावणारे शेतकरी मणी फुगवायला जीए हे संजीवक वापरतात, एकरी दहा-बारा टनांचा हिशेब करतात. आम्ही उलट घड कमी करतो, चार-पाच टनांवर थांबतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, वास, तुरटपणा हे सगळं सालीत असतं. ते तोंडी सांगून कळत नाही. म्हणून मी प्रत्येकाला एक मणी तोडून देते. आधी गर चोखायचा, मग साल दाताने चावायची, शेवटी बी फोडायचं. बी हिरवट आणि कडू लागलं तर फळ अजून कच्चं. तपकिरी होऊन कुटकन फुटलं, भाजल्या दाण्यासारखं लागलं की समजायचं, काढणी जवळ आली. मग ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायच्या भिंगावर रसाचा थेंब टाकून उन्हाकडे धरायला देते. बावीस ते चोवीसच्या मध्ये रेघ आली की यजमान मजुरांना निरोप धाडतात. काढणी पहाटेच्या अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून होते, कारण उन्हात तापलेलं फळ टाकीत गेलं की ते थंड करण्यातच वीज जाते.

आत गेल्यावर फार वेळ लावत नाही. पांढरी वाइन सालीशिवाय, थंड टाकीत सावकाश आंबते, लाल सालीसकट. पिंपांच्या खोलीत मात्र सगळे थांबतात. 225 लिटरचं ओकचं पिंप, त्यातून बरोबर 300 बाटल्या. लाकडातून थोडी वाइन उडून जाते, म्हणून पिंप अधूनमधून भरत राहावं लागतं. बाहेर मे महिन्यात पारा 42-43 ला असतो आणि ही खोली सोळावर ठेवायची असते. आमचं वीजबिल आणि जनरेटरचं डिझेल सगळं या खोलीपायी.

मग टेबल. आधी पांढरी, मग लाल, कोरडी आधी, गोडसर शेवटी. माणशी एक-दोन घोट. टेबलावर पिकदाणी असते, तोंडात घोळवून थुंकलं तर मला अजिबात राग येत नाही, गाडी चालवणाऱ्याने तर थुंकायचंच. एकवीस वर्षांखालच्या कोणाला चव देत नाही. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असं पुस्तकात असतं, ते थंड मुलखातल्या खोलीबद्दल. धुळ्याच्या उन्हाळ्यात आम्ही ती थोडी गार करूनच देतो.

खाणं इथलंच. चीज मागवून पाहिलं होतं, पण खरी मजा आमच्या स्वयंपाकात आहे. थंडीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, त्याच्याबरोबर शिराझ. त्या धुराच्या वासाला ती बरोबर धरते. झणझणीत शेवभाजीबरोबर शिराझ देऊ नका. वाइनच्या तुरटपणाने तिखट आणखी पेटतं. तिथे किंचित गोडसर, गार शेनिन ब्लांच हवी. हे एकदा जिभेला पटलं की माणूस बाकीचं सगळं नीट ऐकतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त पाहुणे सुरतेहून येतात. उधना-लिंबायतला स्थायिक झालेली आपलीच खान्देशी माणसं, नवापूरमार्गे सुट्टीला गावी येताना वळतात. "वहिनी, दोन बाटल्या बांधून द्या," म्हणतात. त्यांना मी हात जोडून नाही म्हणते. गुजरातेत दारूबंदी आहे, नवापूरच्या पुढे बाटली नेणं हा गुन्हा, आणि आमच्या बाटलीपायी कोणाचं कुटुंब नाक्यावर अडकलेलं मला चालणार नाही. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या मुलाच्या नावाने त्यांनी इथेच नोंदवून ठेवली, तर तो येऊन घेऊन जातो.

मोठं व्हा, डोंगरापलीकडच्या बागा घ्या, असं सुचवणारे भेटतात. आम्ही घेणार नाही. स्वतःच्या आणि शेजारच्या दोन भाऊबंदांच्या बागेत मावेल तेवढीच वाइन करायची, असं यजमानांचं आणि माझं ठरलेलं आहे. यंदा आबांच्या जुन्या शिराझच्या काड्या कलम करून नदीकडच्या तुकड्यात लावल्या आहेत. त्यांचं फळ धरायला अजून अवकाश आहे.

यायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च उत्तम, बाग फळावर असते. पायात बंद बूट घाला, पाट सोडलेला असला तर बागेत चिखल असतो. आदल्या दिवशी कळवा, भाकरीचं पीठ तेवढं भिजवता येतं. ड्राय डेला टेबल बंद, पण बाग आणि ताजा रस चालू असतो.