कुस्कोच्या पाळणाघरातली रोजनिशी

सोमवार

मुलं सव्वाआठला येतात, पण काही आठवड्यांसाठी स्वयंसेवक म्हणून मदतीला येणाऱ्याने पावणेआठला हजर असावं. सगळा दिवस त्या अर्ध्या तासावर चालतो. पाणी उकळायला ठेवायचं, बादल्या भरायच्या, चटया उन्हाच्या बाजूला ओढायच्या. कुस्को हे पेरूतलं, अँडीज पर्वतातलं शहर जवळजवळ ३,४०० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, म्हणून प्यायचं पाणी उकळी फुटल्यावर ३ मिनिटं तसंच खळखळू द्यायचं. डोंगरउतारावरच्या वस्त्यांत दिवसभर नळाला पाणी असेलच असं नाही. बादल्या रिकाम्या राहिल्या आणि दुपारी कुणाला जुलाब झाले तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

नवीन माणसाने पहिले दोन-तीन दिवस बसून करायची कामं मागून घ्यावीत. उत्साहाच्या भरात मुलं कडेवर घेऊन जिने चढले की या उंचीवरच्या विरळ हवेमुळे दुपारी डोकं ठणकतं, मळमळतं, आणि मग मुख्य बाईंना आणखी एक लेकरू सांभाळावं लागतं.

मुलं दोन ते पाच वर्षांची. बऱ्याच जणांच्या आया बाजारात भाजी, पाव, चीज विकतात; घरात आजी केचुआ ही अँडीजमधली मूळ भाषा बोलते, इथे स्पॅनिश. आल्यावर गालाला गाल लावून नमस्कार होतो, तेव्हाच गाल बघून घ्यायचे. मे ते ऑगस्ट हवा कोरडी, रात्री पारा शून्याच्या आसपास आणि दुपारचं ऊन करकरीत. त्याने गाल लालभडक होऊन तडकतात, हातांच्या पाठी भेगाळतात. कोरड्या गालावर व्हॅसलीन फासून फारसा उपयोग नाही. कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने टिपायचं, त्वचा ओलसर असतानाच पातळ थर द्यायचा. अंगणात जाताना टोपी हवीच, आकाशात ढग असले तरी.

मराठी माणसाला स्पॅनिशचे त, द आणि ञ आयतेच जमतात. अडतं ते लहान मुलांच्या शब्दांवर, कारण पुस्तकी स्पॅनिशमध्ये ते नसतात. मूल ‘पिची’ म्हणालं की ताबडतोब उठायचं, त्याला शू आली आहे. ‘आलालाव’ म्हणजे थंडी वाजते, ‘आचाचाव’ म्हणजे भाजलं, दुखलं. हे दोन्ही केचुआतून आलेले. मूल रडताना याच भाषेत रडतं, त्यामुळे एवढे तीन शब्द पहिल्या दिवशीच पाठ हवेत.

मंगळवार

पेरूमध्ये तान्ह्या आणि लहान मुलांच्या रक्तक्षयाचा प्रश्न मोठा आहे, आणि पाळणाघरात त्याच्याशी गाठ पडते ती जेवणाच्या वेळी. आरोग्यकेंद्राकडून ज्यांना लोहाच्या पुड्या मिळतात (सगळे त्यांना ‘चिस्पितास’ म्हणतात) त्यांच्या जेवणात ती पूड घालायची. १ ग्रॅमच्या पुडीत १२.५ मिलिग्रॅम लोह, शिवाय जस्त, फॉलिक आम्ल, अ आणि क जीवनसत्त्व.

रीत सोपी, पण ती बरोब्बर पाळायला हवी. कुस्करलेला बटाटा किंवा भोपळा असा घट्टसर पदार्थ घ्यायचा, तो कोमट होऊ द्यायचा. त्यातले दोनच चमचे ताटलीत बाजूला काढायचे, अख्खी पुडी त्यात कालवायची आणि हे दोन चमचे सगळ्यात आधी भरवायचे. उरलेलं जेवण नंतर. पूर्ण ताटात पूड घातली तर मूल अर्ध्यावर उठतं आणि अर्धी पूड वाया जाते. सूपमध्ये घातली तर ती तरंगते नि वाटीच्या कडेला चिकटते. गरम घासात घातली किंवा कालवून अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवली तर रंग काळपट होतो, चवीला लोखंड लागतं, आणि एकदा तोंड वाकडं केलेलं मूल दुसऱ्या दिवशी चमचा बघूनच मान फिरवतं. सोबत दूध किंवा चहा नको, लोह शोषलं जात नाही; संत्र्याची फोड चालेल. शी काळी होते हे आईला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर घाबरून ती पुड्याच बंद करते.

लोहासाठीच ‘सांग्रेसिता’ही असते: कोंबडीचं रक्त शिजवून, कांद्याबरोबर परतून, बटाट्यासोबत. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, त्यात जवळपास ९ मिलिग्रॅम लोह. शाकाहारी घरातून आलेल्यांची इथे परीक्षा असते. आपण खायला हवं असं नाही, पण भरवताना चेहरा आक्रसता कामा नये. तीन वर्षांचं मूल ताटाआधी आपलं तोंड वाचतं. जमणार नसेल तर त्या दिवशी भांडी मागून घ्यावीत, कुणी वाईट मानत नाही.

बुधवार

मदतीला येणारे बहुतेक जण बॅग भरून खेळ घेऊन येतात. तीन नवे खेळ एका सकाळी काढले की अकरा वाजता अर्धा वर्ग रडतो, आणि निस्तरतात रोजच्या बाई. चार-सहा आठवड्यांसाठी आलेल्याचं काम बाईंचे जास्तीचे हात होणं एवढंच आहे. हात धुण्याचं, आवरण्याचं, झोपण्याचं गाणं बाई जे म्हणतात तेच म्हणावं, त्याच क्रमाने, कितीही कंटाळा आला तरी. नवी गोष्ट आठवड्याला एक पुरे, तीही बाईंना विचारून.

त्यात खेळायची कणीक सगळ्यात स्वस्त. २ कप मैदा, अर्धा कप मीठ, १ मोठा चमचा तेल, आणि पाऊण ते एक कप कोमट पाणी, तेही थोडं थोडं घालत. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळावी. पाणी एकदम ओतलं की ती बोटांना चिकटते, मग मैदा घालत बसावं लागतं. बऱ्याच कृतींत पूर्ण कप मीठ असतं, ते इथे नको: भेगाळलेल्या हातांना मीठ झोंबतं. मूल खेळ सोडून हात कपड्यांना पुसायला लागलं तर त्याला कणीक आवडत नाही असं समजू नये, आधी हात बघावेत. कोरड्या हवेत उघडा गोळा बघता बघता कडक होतो, म्हणून ओलं फडकं आणि वर घट्ट झाकण.

गुरुवार

शू-शी आणि कपडे बदलणं: दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. आधी स्वच्छ कपडे हाताशी घ्यायचे, मगच मूल चटईवर. एक हात कायम मुलावर. नंतर आपले आणि मुलाचे, दोघांचेही हात साबणाने २० सेकंद. पाणी बर्फासारखं असतं, मुलं बोटं नुसती टेकवून पळतात. सकाळच्या उकळलेल्या पाण्यातलं थोडं मिसळलं की निम्मी भांडणं मिटतात. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, पाठमोरेसुद्धा. यावर संस्था ढिली वाटली तर ती संस्थाच बदलावी. संध्याकाळी मुलं घरी जातात असं ठिकाण निवडणंही त्यातलंच. निवासी अनाथालयात दर महिन्याला माया लावून जाणारी नवी माणसं मुलांच्या अजिबात हिताची नाहीत.

शुक्रवार

खेळणी धुवायचा दिवस. आधी साबण-पाणी, मग ‘लेहिआ’. हे आपलं ब्लीच, बाटलीवर साधारण ५ टक्के असतं. १ लिटर गार पाण्यात २० मिली, म्हणजे चार चहाचे चमचे. गरम पाण्यात किंवा संडासाच्या ॲसिडबरोबर कधीही नाही, विषारी वायू सुटतो. दहा मिनिटं बुडवून, स्वच्छ पाण्याने खंगाळून उन्हात. उरलेलं द्रावण सोमवारसाठी ठेवू नये, त्याचा जोर उतरतो. लाकडी ठोकळे बुडवले तर फुगतात, ते नुसते पुसायचे.

जाताना मूल फक्त यादीत नाव असलेल्याच्याच हाती, ओळखपत्र म्हणजे डीएनआय बघून. ‘मी तिचा काका’ एवढं पुरत नाही, मूल त्याच्याकडे धावत गेलं तरीही. अशा वेळी आपण वाद घालायचा नाही, बाईंना हाक मारायची. जूनमध्ये इंती राय्मीच्या, म्हणजे इंका परंपरेतल्या सूर्योत्सवाच्या, आसपास गावभर मिरवणुका असतात, न्यायला कुणीही येतं, तेव्हा यादी दाराशीच टांगलेली बरी.

आपला मुक्काम संपत असेल तर पुढच्यासाठी वहीत लिहून ठेवायचं: कोण डाव्या कुशीवरच झोपतं, कोणाला अंडं चालत नाही, कोण शू आली तरी सांगत नाही आणि नुसते पाय आवळून उभं राहतं.